बंद दाराची शेगडी

कुणाच्याही घरी गेले की काका थेट फायरप्लेससमोर जात आणि हाताची मागची बाजू विस्तवापुढे धरत. घरमालक कौतुकाच्या आशेने मागे उभा असे. काका न वळताच म्हणत, "तुम्ही घर नाही, ढग तापवून राहिले." मग सोफ्यावर टेकता टेकता, अर्धं स्वतःशीच, "वस्तू घेतात. वापर कळत नाही."

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. इथल्या आमच्या कनाटा या बर्फाळ उपनगरातला हा मूळ नागपूरचा, टेलिफोनच्या यंत्रांत जन्म काढून निवृत्त झालेला. मी त्यांचा शेजारी. मित्र म्हणवत नाही, कारण मित्रांविषयीही त्यांचं मत वाईटच होतं.

ख्रिसमसला इथे टीव्हीवर तासन्‌तास नुसती जळणारी लाकडं दाखवतात. आम्ही ते लावलेलं पाहून काका असे हसले की माझ्या बायकोने टीव्हीच बंद केला. "चित्रातल्या विस्तवावर शेकणारी जमात," म्हणाले. चहा मात्र दोनदा घेतला.

वाईट याचं वाटे की त्यांचं खरं असे. उघड्या फायरप्लेसमध्ये लाकूड पेटलं की घरातली तापलेली हवाच धुराड्यातून वर ओढली जाते. समोरच्याचे गुडघे भाजतात आणि मागच्या खोल्या गारठतात. त्यांच्या घरातही तसलीच एक होती. काकांनी तिच्या धुराड्यात जुनी उशी कोंबून ठेवली होती. "घरात चूल आहे आणि तिच्या नरड्यात उशी," काकू मला सांगत. "बोला आता."

२०१६च्या हिवाळ्यात काकू हॉस्पिटलातून घरी आल्या, त्या परत जायचं नाही हे ठरवूनच. उपचार संपले होते. त्यांना सारखी थंडी वाजे, आणि मागणं एकच होतं: विस्तवापुढे बसायचं.

काकांनी उशी काढली आणि तिच्यापाठोपाठ फायरप्लेसही काढून टाकली. तिथे नवी शेगडी आली. जाड लोखंडाची, काचेच्या घट्ट दाराची, धूरसुद्धा आतल्या आत पुन्हा जाळून टाकणारी. पेटवल्यावर त्यांनी मला बाहेर बर्फात नेलं आणि धुराड्याकडे बोट केलं.

"दिसतो धूर?"

"नाही."

"याला म्हणतात जाळणं. बाकीचे होळी करतात."

आत घर खरंच उबदार झालं होतं. काकू शालीत बसून काचेकडे पाहत होत्या.

"कशी आहे?" काकांनी विचारलं.

"चांगली आहे हो. पण आवाज नाही, वास नाही. तुम्ही हसला होतात ना, त्या टीव्हीतल्या विस्तवासारखीच."

मला हसू फुटलं. "हिला वापर कळत नाही," काका म्हणाले, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

काकूंच्या माहेरी आंघोळीच्या पाण्याचा बंब करवंट्यांवर पेटे, त्यांच्या तडतडीने पोरांना जाग येई. इथेही नारळ खवून झाला की काकू करवंटी बेसमेंटमध्ये टाकून ठेवत. काका त्या ढिगाला कचरा म्हणत.

पुढे एका दुपारी मी टोमॅटोचं सार घेऊन गेलो. घर गार होतं, धुराचा वास होता. शेगडीचं दार सताड उघडं. काका काकूंच्या पायांशी जमिनीवर मांडी घालून बसले होते, हातात चिमटा, विस्तवात करवंट्या. एक तडतडली, ठिणगी बाहेर उडाली, ती काकांनी तळहाताने दाबली. काकू डोळे मिटून हसत होत्या.

"काका, सगळी ऊब वर चालली."

"जाऊ दे."

"अहो, पण तुम्हीच..."

"तिला ऐकू येऊन राहिलं. गप बस ना."

काकू फेब्रुवारीत गेल्या. पुढच्या हिवाळ्यात काका स्वेटरवर स्वेटर चढवून बसत. शेगडी का पेटवत नाही विचारलं, तर म्हणाले, "एकट्यासाठी काय ढग तापवायचे?" दार लावलं की ती ढग तापवत नाही, हे त्यांनीच मला बर्फात उभं करून दाखवलं होतं.

मग तेही गेले. इथल्या मराठी मंडळाने उभं राहून शांतता पाळली, ती पुरती संपायच्या आत जेवणाची रांग लागली. इतक्या जणांचा त्यांनी अपमान केला होता, आणि एकालाही तो नीट आठवत नव्हता.

घर विक्रीला लागलं तेव्हा बघायला येणाऱ्यांबरोबर मीही आत शिरलो. एजंट बाई आपल्याच, पुण्याच्या. शेगडीची स्तुती करत होत्या. तिच्यासमोर नवा गालिचा होता. मी पायाच्या अंगठ्याने त्याचा कोपरा उचलला. लाकडी जमिनीवर काळे ठिपके होते, मूठभर मोहरी सांडावी तसे.

"ते घासलं की जातं हं," बाई घाईने म्हणाल्या. मग आवाज उतरवून, "दार उघडं टाकून जाळत असणार. इतकी चांगली वस्तू! लोक घेतात, पण वापर कळत नाही."

मी गालिचा होता तसा केला आणि बाकीचे वरच्या खोल्या बघून येईपर्यंत त्यावर उभा राहिलो.