सुईचं टोपण
चिकलठाण्याच्या विमानतळावर मला सोडायला आबा आले ते सरळ मेंढरांतून. खांद्यावर घोंगडी, चपलांना माती. दारावरच्या जवानानं त्यांना आत सोडलं नाही, तेव्हा बाहेरूनच ओरडले, "जपून ऱ्हा बाई! तिथं आपलं कुनी नाय!" आईनं माझ्या पर्समध्ये भाकरी-ठेच्याचं फडकं कोंबलं आणि पदरानं डोळे पुसत बसली. मी हसत हात हलवला. पीएचडी झालेली धनगराची पोर जर्मनीला निघाली होती, ती भीती कशाला दाखवते!

ती भीती आता इथं माझ्या डाव्या हाताच्या बोटावर येऊन बसली आहे.

आमची मेंढरं चिकलठाण्याच्या कारखान्यांमागच्या पडीक रानात चरायची. तिथं फ्लॅट उठले, तसे आबा मेंढरं घेऊन पुढं सरकले. मेंढराला इंजेक्शन तेच द्यायचे, आणि टोचलं की लगेच सुईला टोपण. "उघडी सुई ठिवू नगं, कुनाच्या पायात जाईल," हे मी चालायला लागल्यापासून ऐकलं.

मी इथं ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथला नियम बरोबर उलटा. वापरलेल्या सुईला टोपण लावायचंच नाही, तशीच पिवळ्या डब्यात टाकायची, कारण टोपण लावतानाच ती बोटात जाते. हे नव्या मुलांना मीच शिकवते. पण त्या दिवशी मन तिकडं घराकडं, गारखेड्यात होतं, बहिणीच्या बाळंतपणात. हातानं आपलं आपण टोपण उचललं. दोन हातमोज्यांच्या आत चुटकन लागलं.

सुईत चिंपांझीचं रक्त होतं. आफ्रिकेतल्या त्या चिंपांझीला जंगलातच एक विषाणू लागलेला होता. माणसातला एचआयव्ही याच घराण्यातून आला. काही चिंपांझी हा विषाणू अंगात घेऊन वर्षानुवर्षं खातात, खेळतात, तर काही झिजून मरतात. त्यांची प्रतिकारशक्ती काय वेगळं करते, तेच आम्ही शोधतो. आबांना मी एकदा सांगितलं होतं की जाणतं कुत्रं लांडग्यावर भुंकतं, मग गप बसून नजर ठेवतं. येडं कुत्रं भुंकतच राहतं आणि शेवटी स्वतःच थकून पडतं. माणसाचं शरीर या विषाणूपुढं बहुधा येड्या कुत्र्यासारखं वागतं. "मंग शानं कुत्रं पाळा की," आबा म्हणाले होते. आम्ही दोघं खूप हसलो होतो.

आता हसू येत नाही. एचआयव्हीवरचंच औषध लगेच सुरू झालं, पण शेवटचा रिपोर्ट यायचा आहे. अंग जरा गरम लागलं तरी मी थर्मामीटर लावून बसते. लांब गेलेल्यांनो, परक्या मुलखात आजाराची भीती कशी खायला उठते ते तुम्हाला ठाऊक आहे. पण मला मरणाहून मोठी भीती एका कपबशीची आहे. आमच्या वस्तीवर एका तरुण ड्रायव्हरला एचआयव्ही झाला, तेव्हा आईनंच त्याची कपबशी वेगळी ठेवली होती.

काल दुपारी औषधानं फार मळमळायला लागलं आणि राहवलं नाही. फोन लावून सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, "आई, माझी कपबशी वेगळी काढशील?"

मेंढरांच्या आवाजातून आईचा हुंदका ऐकू आला. मला वाटलं, संपलं. मग आई रडत म्हणाली, "माज्याच ताटात जेवशील तू. त्या ड्रायवर पोराच्या बाबतीत लई चुकलं माजं."

आमच्यात आजारी मेंढरू कळप कोंडायच्या जाळीबाहेर वेगळं बांधतात, पण एकटं ठेवत नाहीत. लांडगा आधी एकट्यावर येतो, म्हणून घरातलं कुणीतरी त्याच्याशेजारी घोंगडी टाकून निजतं. आबांनी आईकडून फोन घेतला. विषाणूचं काहीच विचारलं नाही.

"तुज्यापाशी तिथं कोन निजतं?"

"कुनी नाय, आबा."

"मंग फोन बंद करू नगं. उशाशी ठिव अन् पड जरा."

मी पडले. फोनमधून मेंढरं, वरून गेलेलं विमान, आबांचा खोकला येत राहिला. रिपोर्ट अजून आलेला नाही आणि मी अजूनही घाबरलेली आहे. पण घर कुठं आहे असं मला कुणी विचारलं, तर मी उशाकडं बोट दाखवीन. तिथं आबांनी घोंगडी टाकली आहे.