नानांचा पिंजरा आणि सप्रेंची आंघोळ

तीन म्हातारी माणसं भिंतीला भिंत लावून राहायला लागली की किस्से आपोआप साठतात, कुणी मुद्दाम जमवत नाही. इकडे हिंदी मुलखात, गोरखीच्या जुन्या वाड्यामागे आमची मराठी गल्ली. घरं जुनी, म्हणून परसं अजून शिल्लक आहेत. आमचे बहुतेक किस्से नाना मोहित्यांच्या परसातल्या कोंबड्यांच्या पिंजऱ्याचे आहेत.

*

कोंबड्या वहिनींच्या, म्हणजे नानांच्या मिसेसच्या. एका जागी राहिल्या की वास येतो, अशी सप्र्यांनी तक्रार केली. सप्रे पलीकडच्या भिंतीचे, अंडं घातलेला केकसुद्धा न खाणारे. नानांनी मोबाईलवर उपाय शोधला. बिनतळाचा जाळीचा पिंजरा करायचा आणि रोज सकाळी पुढे सरकवायचा. कोंबड्यांना ताजं गवत, जमिनीला खत, वास नाही.

लोक असा पिंजरा लाकडाचा करतात. नाना वर्कशॉपात फोरमन होते, त्यांचा लाकडावर भरवसा नव्हता. त्यांनी लोखंडी अँगल वेल्ड केले. नवराबायकोनं जोर लावला, पिंजरा जागचा हलेना.

"अहो, सरकता म्हणाला होतात ना?" वहिनी म्हणाल्या.

"सरकतो," नाना म्हणाले. "चार माणसं लागतात."

*

एक नाना, एक वहिनी, तिसरा मी. चौथे सप्रे, तक्रार त्यांचीच असल्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना. पण त्यांची अट होती. आंघोळ करून गंध लावलं की पूजा होईपर्यंत ते कुणाला शिवत नाहीत, कोंबड्यांच्या पिंजऱ्याची तर गोष्टच सोडा. म्हणून नाना रोज उजाडताच भिंतीवरून हाक मारायचे, "सप्रे, आंघोळ झाली का हो?" "नाही हो," म्हणत सप्रे टॉवेल खांद्यावर टाकून यायचे. मग आम्ही चार कोपरे धरायचो.

माझी मुलगी एकदा म्हणाली, "बाबा, घरात गॅसचा सिलिंडर तुमच्याकडून उठत नाही, और वहाँ रोज लोहा उठा रहे हो?" उचलून झाल्यावर वहिनी चहा करायच्या, आणि तो चहा घरच्यापेक्षा बरा असायचा, हे घरात कसं सांगणार?

*

कोंबड्यांत एक लंगडी होती. पिंजरा पुढे जायला लागला की बाकीच्या आतल्या आत चालत यायच्या, ही मागे राहायची. पिंजरा तसाच नेला तर लोखंड तिच्या पायावर बसलं असतं. वहिनी ओरडायच्या, "थांबा, लंगडी यायचीय." मग आम्ही तेवढं वजन हातात तोलून उभे. लंगडी सावकाश यायची, मध्येच एखादा किडा टिपायची. "हिला मेलीला कशाची घाईच नाही," सप्रे म्हणायचे, पण कोपरा त्यांनी कधी सोडला नाही.

*

गेल्या पावसाळ्यात वहिनी गेल्या. दुखणं मोठं नव्हतं, पण ताप मेंदूत गेला असं डॉक्टर म्हणाले. आम्हाला काही सुचेना. दुसऱ्या दिवशी उजाडताच सप्रे स्वतः नानांच्या दारात उभे. म्हणाले, "कोंबड्या चिखलात उभ्या आहेत. चला." मी हळूच सुतकाची आठवण करून दिली. "आंघोळ व्हायचीच आहे माझी," ते म्हणाले.

तिघांनी उचलला. वहिनींचा कोपरा जमिनीवर घासत राहिला, गवतात लांब चरा पडला. अर्ध्या वाटेत नाना एकदम म्हणाले, "थांबा, लंगडी यायचीय." आम्ही वजन तोलून थांबलो. सप्रे दुसरीकडे बघत होते.

*

दिवाळीला नानांची लेक रश्मी पुण्याहून आली. वडील लोखंड ओढताना तिला बघवेना. "बाबा, हे अब तुमच्याकडून नहीं होगा," म्हणाली, आणि दौलतगंजाच्या बाजारातून दोन मजबूत चाकं आणून नट-बोल्टनं बसवून घेतली. ओढायला हँडल केलं. आता नाना एकटे पिंजरा सरकवू शकत होते. लेकीनं काळजीनं केलेलं, त्यात वावगं काहीच नव्हतं. आम्हीही तोंड भरून कौतुक केलं.

मग हाक बंद झाली. मी उशिरा उठायला लागलो. सप्रे लवकर आंघोळ उरकायला लागले. भिंतीवरून चाकांची कुरकुर ऐकू यायची आणि नंतर काहीच नाही. रस्त्यात भेटले तर नाना नुसती मान हलवून पुढे जायचे. माणूस आतून मिटत चालला होता, आम्हाला दिसत होतं; पण काम नसताना दुसऱ्याच्या परसात जायचं कसं, हे आम्हा दोघांना कळत नव्हतं.

*

थंडीतली एक सकाळ. धुकं इतकं की भिंत दिसेना. आणि पलीकडून हाक आली, "सप्रे, आंघोळ झाली का हो?"

मी स्वेटर चढवत गेलो. नाना हातात पाना घेऊन उभे होते. दोन्ही चाकं काढून भिंतीशी नीट ठेवलेली. पिंजरा गवतावर पहिल्यासारखा बसला होता. नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "सरकत नाहीये."

तेवढ्यात सप्रे फाटकातून आत आले. केस ओले, कपाळावर ताजं गंध. नानांनी त्या गंधाकडे पाहिलं आणि पाना खाली ठेवला.

"नाही हो," सप्रे म्हणाले, "अजून व्हायचीय." आणि वाकून त्यांनी आपला कोपरा धरला.