लिहिणाऱ्याचं नाव

परभणीच्या स्टेशनावर मला पोचवायला आबा एकटेच आले होते. आई बैलगाडीत बसलीच नाही. "मला तितकं बघवायचं नाही," म्हणाली आणि चुलीपुढं जाऊन बसली. गाडी यायला दोन तास होते, आणि त्या दोन तासांत आबा मला एकच गोष्ट सांगत राहिले, जी मला लहानपणापासून पाठ होती. आमच्या मळ्यातल्या विहिरीची गोष्ट. पाण्याच्या पाळीवरून भाऊबंदांशी भांडण झालं, म्हणून आबांनी कचेरीत एका लिहिणाऱ्याकडून अर्जी लिहून घेतली. त्यानं ती वाचून दाखवली, आबांनी अंगठा उठवला. वाचताना पाळी आमची होती. कागदावर मात्र आम्ही विहिरीवरचा हक्कच सोडला होता. सगळा कारभार उर्दूत, आणि आमच्या सात पिढ्यांत उर्दूचं एक अक्षर कुणाला येत नव्हतं.

गाडी हलली तेव्हा आबा खिडकीबरोबर चार पावलं चालले. "दत्ता, आपल्या घरात एक तरी अर्जी लिहिणारा पाहिजे बघ," म्हणाले. बाकी जपून राहा, पत्र टाक, असलं काही नाही. मी रडलो, ते त्यांनी पाहिलं नसावं.

सोपान, तू धाकटा, तेव्हा पाळण्यात होतास, म्हणून हे तुला सांगतोय. तुमच्यासाठीही लिहितोय, जे माझ्यासारखेच मराठवाड्यातून हैदराबादला शिकायला आले आणि भाषेप्रमाणं राज्यं झाल्यावर औरंगाबादला, पुण्याला निघून गेले. तुमची पत्रं येतात. त्यांत हटकून इथल्या नारायणगुडा मोहल्ल्यातल्या मंडळाची आठवण असते, आणि ती वाचून माझ्या तोंडाला कडू येतं.

मंडळ म्हणजे वकीलसाहेबांच्या घरामागची एक लांबडी खोली. वकीलसाहेब जुन्या हैदराबादी हिंदू घराण्यातले, शेरवानी घालणारे, मराठी बोलताना मधेच फारसी शब्द पेरणारे. पोरांनी नुसती पुस्तकं घोकू नयेत, हाताला काही काम शिकावं आणि ते मोहल्ल्याच्या उपयोगी पाडावं, असा त्यांचा ध्यास होता. आम्ही सायकलचं पंक्चर काढायला शिकलो, जखम बांधायला शिकलो, पटकीच्या दिवसांत विहिरींत औषध टाकत हिंडलो. मराठी पोरं होती, तेलुगू होती, चार-दोन मुसलमानही होती. जेवायला सगळे आपापल्या खाणावळीत जात, पण चिखलात सगळे एकत्र उतरत. ते दिवस चांगले होते, हे मी नाकारत नाही.

शुक्रवारी कचेऱ्यांना सुट्टी. त्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर मुन्शीजी येत. महसूल खात्यात ते कारकून होते. ते आम्हाला अर्जी लिहायला शिकवत, आणि मोहल्ल्यातली अडलेली माणसं तिथंच सतरंजीवर येऊन बसत. कुणाची जमीन, कुणाचा रेशनचा कागद, कुणाचा पकडून नेलेला मुलगा. माणूस बोलू लागला की मी लगेच दौतीत बोरू बुडवायचो, आणि मुन्शीजी हात धरायचे. "मियाँ, कलम नीचे रखो. पहले उनको पूरा बोलने देव." कलम दिसली की गरीब माणूस घाबरतो आणि निम्मं गिळतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मग 'बखिदमत जनाब' पासून 'फकत' पर्यंत सुबक लिहायचं. लिहून झालं की शब्द न् शब्द मोठ्यानं वाचून दाखवायचं. आणि सगळ्यात शेवटी, कागदाच्या खालच्या कोपऱ्यात 'बकलम' लिहून लिहिणाऱ्यानं स्वतःचं नाव घालायचं. अर्जीत काही खोटं निघालं तर जाब देणारा कुणी हवा ना! बकलम नसलेली अर्जी मंडळातून बाहेर जात नसे. वर्षभरात माझं वळण हुबेहूब मुन्शीजींसारखं झालं. आबांना तसं पत्रानं कळवलं, तेव्हा त्यांनी ते शाळेतल्या गुरुजींकडून दोनदा वाचून घेतलं म्हणे.

पुढचं तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, निदान तुम्ही व्याख्यानांत सांगता तेवढं. तिकडं देश स्वतंत्र झाला आणि आमच्या संस्थानात तिरंगा हा गुन्हा राहिला. गावावर रझाकारांची धाड आली, आई-आबा तुला घेऊन सरहद्दीपलीकडच्या छावणीत जाऊन राहिले. मी इकडं मंडळाच्या सायकलला झेंडा बांधून शेजारच्या हिमायतनगर मोहल्ल्यापर्यंत गेलो आणि पकडला गेलो. अकरा दिवस आत होतो. माझी अर्जी मुन्शीजींनी लिहिली. सरकारी नोकर, जातीनं मुसलमान, आणि दिवस ते. गजांपलीकडं उभं राहून त्यांनी मला ती वाचून दाखवली. झेंडा बांधला हे त्यात साफ कबूल केलं होतं, फक्त मुलगा कोवळा आहे आणि आईबाप परागंदा आहेत, एवढंच पुढं जोडलं होतं. खाली बकलम आणि त्यांचं स्वतःचं नाव. मी सुटलो. कचेरीतल्या लोकांनी त्यानंतर कित्येक दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

मग फौजा आल्या आणि चार-पाच दिवसांत संस्थान संपलं. आम्ही साखर वाटली. दोन आठवड्यांनी मुन्शीजींना उचललं. एका रझाकाराच्या घरझडतीत एक अर्जी सापडली होती, आणि तिच्या कोपऱ्यात मुन्शीजींचं नाव होतं. त्या माणसाच्या म्हाताऱ्या आईच्या इलाजासाठी लिहिलेला साधा कागद तो. पण त्या दिवसांत आतला मजकूर कोण वाचतो? नाव मिळालं, तेवढं पुरलं.

त्यांची बीबी, हलीमाबी, मंडळात आल्या. तोपर्यंत कचेऱ्यांची सुट्टी रविवारवर गेली होती, आमची सतरंजीही रविवारीच पडत होती. मंडळातल्या मुसलमान पोरांनी येणं बंद केलं होतं, आणि ती का येत नाहीत हे आमच्यातल्या कुणी विचारलं नव्हतं. हलीमाबी बुरख्यात दाराशी उभ्या राहिल्या. वकीलसाहेबांनी त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "दिवस नाजूक आहेत. मंडळाचं नाव यात नको." मग त्यांना एकाएकी कुठंतरी जायचं आठवलं.

मी अर्जी लिहिली. नाही म्हणालो असतो तर बरं झालं असतं. नाही म्हणायलाही थोडी छाती लागते, तेवढीही माझ्यात नव्हती. कलम खाली ठेवून मी हलीमाबींचं सगळं ऐकून घेतलं, आणि मग आयुष्यातली सर्वांत देखणी अर्जी लिहिली. मुन्शीजींची नोकरी, त्यांनी सोडवलेली माणसं, त्यांत सोडवलेला मीही. 'फकत' लिहिलं. आणि बोरू त्या कोपऱ्याशी थांबला. ज्या कोपऱ्यानं मुन्शीजींना आत नेलं, तोच कोपरा. नुकतीच मला नोकरीची तोंडी कबुली मिळाली होती. आई-आबा छावणीतून परतून मोडक्या घरात पहिल्यापासून मांडामांड करत होते. अशी कारणं मनाशी जुळवायला मला दोन श्वासही लागले नाहीत.

तो कोपरा मी कोरा ठेवला. हलीमाबी कुराण वाचत, पण कचेरीचं घाईनं जोडून लिहिलेलं उर्दू अक्षर त्यांना लागत नसे. मी अर्जी मोठ्यानं वाचून दाखवली, शब्द न् शब्द, आणि शेवटी ठणठणीत आवाजात म्हणालो, "बकलम दत्तात्रय वल्द किसनराव." कागदावर ते नव्हतं. "अल्ला सलामत रखे, बाबू," त्या म्हणाल्या आणि अंगठा पुढं केला.

माझ्या बापाला ज्यानं फसवलं, त्याचं काम मी केलं. तेही ज्या माणसानं मला सोडवलं त्याच्या बायकोपाशी. तो लिहिणारा निदान लाच खाऊन तरी खोटं वाचत होता. मी फुकट वाचलं.

पुढच्या रविवारी हलीमाबी परत आल्या. कचेरीत विचारलं होतं, अर्जी कुणी लिहिली? त्यांनी भरवशानं माझं नाव सांगितलं. कारकुनानं कागद उलटा-पालटा करून पाहिला. असं कुणाचंही नाव यात नाही म्हणाला, लिहिणारा तोंड लपवतो म्हणजे पाणी मुरतंय, आणि अर्जी दाखल न करताच त्यांच्या हाती परत दिली. तो कागद त्यांनी सतरंजीवर माझ्यापुढं ठेवला.

"बाबू, तुम तो पढ़े थे," त्या म्हणाल्या.

एवढंच. आवाजही चढवला नाही. मी गडबडीनं म्हणालो, आत्ता लिहितो, आत्ता नाव घालतो. "नक्को," म्हणाल्या आणि गेल्या. दुसरा लिहिणारा मिळेपर्यंत, मग वकील मिळेपर्यंत महिने गेले. मुन्शीजी सव्वा वर्षानं सुटले. माझी अर्जी दाखल झाली असती तर ते लवकर सुटले असते का? बकलम असलेल्या अर्ज्यांवर त्याच महिन्यांत माणसं सुटलेली मला ठाऊक आहेत. म्हणून तो प्रश्न मी स्वतःला फारसा विचारत नाही.

ते सुटून आल्यावर मी त्यांना भेटायला गेलो. खोकल्यानं माणूस निम्मा झाला होता, आणि नोकरीच्या कागदावर 'संशयित' असा शेरा बसला होता. त्यांनी मला खाटेशी बसवून घेतलं. उशाखाली ती परत आलेली अर्जी होती. "खत पहचान लिया मैं," म्हणाले, "क्या उमदा लिखे, मियाँ." त्यांनीच घडवलेलं अक्षर, ओळखायला त्यांना नाव कशाला लागतंय! मग मला सुटायला वाट द्यावी तसं हळूच म्हणाले, "बकलम भूल गए थे क्या?"

हलीमाबी दाराशीच उभ्या होत्या. मी ते नाव त्यांना वाचून दाखवलं होतं. विसरलेलं नाव कुणी वाचून दाखवत नाही.

"हौ," मी म्हणालो, "भूल गया था."

नवऱ्यापुढं माझी लाज हलीमाबींनी झाकली. मुन्शीजी त्याच वर्षी गेले. त्यांनी माझं खरं मानलं की मला सांभाळून घेतलं, हे मला कधी कळणार नाही.

सोपान, आता तुझ्या पत्राचं उत्तर. गावात तरुण मंडळाची इमारत झाली, पोरं शिवणकाम शिकतात, मोटरपंप दुरुस्त करतात, हे वाचून बरं वाटलं. उद्घाटनाला यावं, जुन्या मंडळाचे दोन शब्द सांगावेत आणि तुरुंगवास भोगलेला म्हणून सत्कार घ्यावा, असं तू लिहिलंस. आणि पुढं नेहमीचं, की आता आपलं राज्य झालं, तिकडं परक्यांत काय ठेवलंय, घरी ये. तुझं खोटं नाही. माझ्या उर्दूला आज कचेरीत कुणी विचारत नाही. माझ्या पोरी आपसांत तेलुगूत भांडतात आणि तुझं मराठी पत्र अक्षर अक्षर लावत वाचतात. वकीलसाहेबांच्या खोलीत छापखाना आलाय. आईच्या शेवटच्या आजारपणात मी पोचलो नाही, आणि आबांच्या विहिरीचं पाणी मी त्यांना कधीच मिळवून दिलं नाही. रजेवर गावी येतो तेव्हा तुम्ही मला ओट्यावर गादी टाकता, आणि मी जे बोलेन ते लोक प्रमाण मानतात. मला ते सहन होत नाही. उद्घाटनाला मी येणार नाही. पोरांना हा कागद वाचून दाखव, आणि काही गाळू नकोस.

राहिलं घरी यायचं. मुन्शीजींच्या कागदावरचा तो शेरा अजून निघालेला नाही. तो पुसला जावा, एवढीच हलीमाबींची इच्छा आहे, दुसरं काही त्या मागत नाहीत. मुन्शीजी गेल्यावर मीच हट्टानं म्हणालो, तो अर्ज मला लिहू द्या. फार दिवसांनी एका रविवारी त्यांनी दार उघडलं. दर काही महिन्यांनी मी जातो. आता अर्ज इंग्रजीत लागतो. मी लिहितो, त्यांच्या भाषेत सांगत शेवटपर्यंत वाचून दाखवतो, माझ्या नावासकट. त्या डोळे मिटून ऐकतात. मग हात पुढं करून कागद घेतात आणि त्यांची शाळेत शिकणारी मुलगी सकीना, तिच्याकडं देतात.

"देख बेटा, नाम है क्या?"

सकीना वाकून पाहते. "है, अम्मी."

मग त्या चहा ठेवतात. गावात मला कुणी असं तपासून घेणार नाही, सोपान. मी इथंच राहतो.