उंबऱ्यावरून ऐकलेल्या गोष्टी

मुलांचा वर्ग चालवला की किस्से आपोआप साठतात. पर्सच्या तळाशी बसची तिकिटं साठतात तसे. जपून ठेवत नाही आपण, पण फेकतही नाही.

बी.ए. झाले होते, नोकरी नव्हती, आणि परीकथांचा मला मनस्वी राग होता. चिंचवडच्या आमच्या कॉलनीत दर रविवारी सकाळी मी मुलांना गोष्टी सांगायचे. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या परदेशी बायकांच्या चरित्रांचं एक इंग्रजी पुस्तक कॉलेजात हाती लागलं होतं, त्यातलं एकेक मराठीत सांगायचे. खोली महिला मंडळाची. मंडळाची अध्यक्ष माझी सख्खी मावशी.

मावशीचा मुकुंद वर्गात पुढे बसायचा. त्याच्याबरोबर आलेली गोदा उंबऱ्यावर चपला सांभाळत बसायची. ती अकरा-बारा वर्षांची असेल. दुष्काळात मावशीने तिला मराठवाड्यातून आणली होती, 'पोटच्या मुलीसारखी वाढवायला'.

*

पहिल्याच रविवारी मी विचारलं, "गुलाम म्हणजे कोण?"

चिखलीहून सायकलवर येणारा बबन म्हणाला, "ज्याला कदीच सुट्टी न्हाई त्यो."

गॅरेजवाल्या चाचांची रेहाना म्हणाली, "ज्याला ओव्हरटाइमचे पैसे देत नाहीत तो."

मुकुंद उठून उभा राहिला. "पगार न देता ज्याला कामाला ठेवतात आणि ज्याला सोडून जाता येत नाही, तो गुलाम."

इतकं नेमकं उत्तर! मी त्याला बक्षीस म्हणून नवी कोरी पेन्सिल दिली. ती त्याने तिथूनच उंबऱ्याकडे फेकली.

"गोदा, टोक काढ."

*

मंडळाच्या वार्षिक समारंभासाठी त्याच गोष्टींवर नाटुकलं बसवलं. मालकाच्या डोक्यावर मुकुंदच्या बाबांचं कंपनीतलं हेल्मेट होतं, त्यामुळे मालक व्हायला सगळे तयार. गुलाम व्हायला कुणीच तयार नाही. शेवटी उंबऱ्यावरून गोदाने हात वर केला.

"तिला कशाला?" मावशी म्हणाली. "रविवारचं धुणं तसंच पडलंय."

गुलाम मग रेहाना झाली. काम तिने असं केलं, की पहिल्या रांगेत मावशीच्या डोळ्यांना धार लागली. "किती सोसलं गं त्या बायकांनी," असं शेजारणीला म्हणाली. मग पदराने डोळे पुसले आणि मागे वळून म्हणाली, "गोदा, सगळ्यांना चहा दे."

*

त्या संध्याकाळी मी मावशीला गाठलं. आई मला मागून खुणा करत होती, गप्प बस म्हणून. मी कशाला गप्प बसते?

"मावशी, गोदाला शाळेत घाल. हे तू करतेस ते आणि पुस्तकातलं, एकच आहे."

"काहीतरीच तुझं. त्यांना साखळ्या होत्या. आमच्या गोदाला दिवाळीला नवं परकर-पोलकं असतं. आजारी पडली तर डॉक्टर असतो."

"पुस्तकातली मालकीण अगदी हेच म्हणते."

मावशीने क्षणभर विचार केला. "मग ती बिचारी चांगलीच असणार."

*

मालकिणीच्या घरातून पळून गेलेल्या एका बाईची गोष्ट सांगितली, त्या दिवशी मुलांनी प्रश्नांचा भडिमार केला. कुत्री किती होती? बंदुका होत्या का? पकडली असती तर मारलं असतं का?

सगळे गेल्यावर गोदा माझ्याजवळ आली.

"बाई, तिनं संगं भाकरी किती घेतल्या व्हत्या?"

मला हसू आलं. "ते पुस्तकात नाही गं."

"अन् वाटंत कुणी इचारलं तर?"

"सांगायची, मालकिणीने निरोप घेऊन पाठवलंय."

गोदाने ते ओठातल्या ओठात दोनदा म्हणून पाहिलं. मग मुकुंदची पिशवी उचलून गेली. माझ्या डोक्यात तेव्हा काहीसुद्धा आलं नाही. इतकी शिकलेली मी!

*

महिन्याभराने मावशी सकाळीच आमच्या दारात.

"पळाली. पाच भाकऱ्या घेऊन गेली मेली."

नंतर कळलं, चाकणच्या बाजारातून कांद्याचा ट्रक निघाला होता, त्यात बसून ती नगरपर्यंत गेली. ट्रकवाल्याला तिने सांगितलं, बाईंनी निरोप घेऊन गावी पाठवलंय. पुढची वाट तिला ठाऊक होती.

मावशी गेल्यावर मी शिरा केला. आईने कारण विचारलं. मी सांगितलं नाही.

*

पुढच्या रविवारी मी वर्गात शिरले, तर उंबऱ्यावर एक सात वर्षांची पोर बसलेली. नाक वाहतंय, मांडीवर मुकुंदच्या चपला.

"ही काशी," मुकुंद म्हणाला. "गोदाची धाकटी बहीण. गोदा पोचायच्या आधीच बाबा गाडी घेऊन गेले आणि हिला आणली."

मी तशीच मावशीकडे धावले. भांडले, रडले. मावशी शांतपणे भाजी निवडत राहिली. "त्यांच्या बापाने शब्द दिलाय. मोठी नाही तर धाकटी. तुला इतका कळवळा असेल, तर तू येत जा भांडी घासायला."

दोन रविवार काशी उंबऱ्यावर होती. गोष्ट चालू असताना ती तिथेच झोपून जायची.

*

तिसऱ्या रविवारी मला उशीर झाला. पोचले तेव्हा कोपऱ्यावर गोदाचा बाप काशीला खांद्यावर घेऊन एसटी स्टँडच्या दिशेने चालला होता. काशीच्या हातात बिस्किटाचा पुडा होता. माझ्याकडे बघून हसली ती.

उंबऱ्यावर गोदा बसली होती. पायांवर धूळ, केस पिंजारलेले. चपला जोडीजोडीने लावत होती.

मी तिच्यासमोर खाली बसले. "गोदा, तू का आलीस?"

तिने मान वर केली नाही. "तिला येणी घालता येत न्हाई बाई अजून. कपडे कसं धुवावं तिनं?"

तेवढ्यात मावशी आली. चेहरा नुसता फुललेला. माझा दंड धरून मला बाजूला नेलं आणि गोदाकडे बोट दाखवत म्हणाली,

"बघितलंस? मोठी पुस्तकं वाचतेस. पोर स्वतःच्या पायांनी परत आली. एवढा लळा लागलाय तिला आमचा."