आप्पांचं सपाट खळं

“मिस्तरी, तुम्हीन मन्ही गाडी लंगडी करी टाकी,” आप्पा फोनवर म्हणाले. मागे कोणीतरी हसत होतं. “डावीकडे झुकी ऱ्हायनी. आख्खं गाव दखी ऱ्हायनं.”

शहाद्याला माझं सस्पेन्शनचं वर्कशॉप आहे. आत्माराम आप्पा हे तापीकाठचे केळीवाले गुजर. केळीच्या मळ्यात चिखल झाला की त्यांच्या पिकअपचं पोट जमिनीला टेकायचं, म्हणून मी तिला लिफ्ट किट बसवून दिलं होतं. लिफ्ट किट म्हणजे गाडीला उंच टाचेची चप्पल. मागे स्प्रिंगच्या पाट्यांना लोखंडी ब्लॉक लावायचे. पुढे टॉर्शन बार नावाची लांब सळई असते, तिला पीळ दिला की ती बाजू उचलते.

बसवणं सोपं. खरं काम नंतरचं, लेव्हलिंगचं. डावं-उजवं सारखं आलं पाहिजे. त्यासाठी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावायचा. आप्पांची गाडी मी अशी सूतभरही फरक न ठेवता पाठवली होती. त्यामुळे फोन ठेवल्यावर मला राग आला, आणि थोडी भीतीही वाटली. त्या गावातले बहुतेक पिकअपवाले माझं गिऱ्हाईक. लंगडी हा शब्द पारावर पोचला, तर माझ्या वर्कशॉपचंही तेच बारसं झालं असतं.

मी टेप आणि पाने घेऊन मोटारसायकलवर निघालो.

पिकअप आप्पांच्या खळ्यात उभी होती. खळं म्हणजे घरापुढचं मोकळं आवार. पाच-सहा जण कौतुकाने जमले होते. गाडी डावीकडे झुकलेली दिसत होती, हे मलाही नाकबूल करता येईना. डाव्या बाजूला बसकी भिंत होती आणि भिंतीपलीकडे आप्पांचा धाकटा भाऊ हिरालाल झाडाला आरसा टांगून दाढी करत होता.

मी चारही चाकांना टेप लावला. आकडे बरोबर.

“आप्पा, गाडी सरळ आहे. तुमच्या खळ्याला उतार आहे.”

पलीकडचा वस्तरा थांबला.

“मन्हा बापनं करेल खळं शे,” आप्पा सावकाश म्हणाले. “एकदम सपाट शे.”

मी पडलो बाहेरचा. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने माझ्या कानात सांगितलं तेव्हा कुठे उलगडा झाला. वाटण्या झाल्यापासून दर पावसाळ्यात या खळ्यातलं पाणी भिंतीखालून हिरालालच्या गोठ्यात जातं. हिरालाल म्हणतो, उतार काढून नाली खणा. आप्पा म्हणतात, खळं सपाट आहे, पाणी तुझ्याकडे आपल्या मर्जीने येतं. पंच बसून उठले, सोयरे समजावून थकले. आप्पा हटले नाहीत.

म्हणजे प्रश्न असा होता, की दोघांपैकी वाकडं कोण, खळं की माझी गाडी. आणि आप्पांनी निकाल आधीच देऊन टाकला होता.

मी गाडी वळवून उलट्या तोंडाने उभी केली. आता उजवी बाजू भिंतीकडे आली आणि गाडी उजवीकडे झुकली.

“दखा आप्पा. गाडी वाकडी असती तर डावीकडेच झुकली असती.”

“आते दोन्ही बाजूनी बिघडी गई,” आप्पा म्हणाले.

लोक हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण गिऱ्हाइकाशी भांडू नये, त्याचं म्हणणं मान्य करावं, ही माझी जुनी खोड आहे. मी नम्रपणे म्हणालो, “बरं. खळं सपाट, गाडी वाकडी. एक शेवटची टेस्ट घेतो.”

गाडीचं तोंड मी भिंतीकडे केलं, इंजिन बंद केलं, गिअर न्यूट्रलला टाकला आणि हँडब्रेक सोडला. पाय ब्रेकच्या वर तयार ठेवला. हे आप्पांना दिसत नव्हतं.

गाडी क्षणभर विचारात पडली. मग निघाली, अगदी शांतपणे, देवदर्शनाला निघालेल्या आजीबाईसारखी. समोर आप्पांनी हौसेने बसवलेला नवा कोरा स्टीलचा बंपर. त्याच्यासमोर भिंत. भिंतीवर हिरालालचं अर्धा फेस असलेलं तोंड.

“मिस्तरी, ब्रेक मारा,” आप्पा म्हणाले.

“कसाले?” हिरालाल पलीकडून म्हणाला. “सपाट खळामा गाडी चालत नही.”

मी खिडकीतून आप्पांकडे पाहिलं. गाडी चालतच होती. आप्पांनी बंपरकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. बाप एकीकडे, बंपर दुसरीकडे, असं त्यांचं झालं होतं.

“आरे दाब ना ब्रेक! उतार शे, उतार!”

मी ब्रेक दाबला. बंपर आणि भिंत यांच्यात हात जाईल एवढी जागा राहिली होती.

हिरालालने राहिलेली अर्धी दाढी निवांत केली, तोंड पुसलं आणि म्हणाला, “भाऊ, चहा लई येऊ?” आप्पा ओट्यावर जाऊन बसले. तिथूनच म्हणाले, “लई ये. मिस्तरीले बिनसाखरना दे.”

पावसाळ्याआधी भिंतीच्या कडेने नाली झाली. आप्पांनी स्वतः उभं राहून खणून घेतली. गावात मात्र ते आजही सांगतात की खळं सपाटच होतं, त्या मिस्तरीने टेस्ट घेताना गाडीच्या वजनाने दाबलं. गाडीबद्दल त्यांची काही तक्रार नाही.

नवीन मुलं कामाला आली की मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगतो. गाडीची उंची चाकापासून मडगार्डपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजू नका. जमिनीला भाऊबंद असतात.