नळ्यांवरच्या चिठ्ठ्या

"तुझ्या नळीत माझी आई निघाली म्हणे. लॅबमधले लोक हसत असतील," मुलगा सुनेला म्हणाला. "साध्या चार नळ्या नीट ठेवता आल्या नाहीत?"

सुनेनं हातातलं फडकं टेबलावर टाकलं. ती तपासणीच्या नळीत फक्त थुंकली होती, नावाच्या चिठ्ठ्या लावायचं काम आईंचं. यावर मुलगा हसलाच. आईची चूक? बावीस वर्षं लॅबसाठी नमुने गोळा करणारी बाई, शेजारीपाजारी तिला नळीवाली म्हणतात. झोपेतही तिची चिठ्ठी तिरकी लागायची नाही.

नळीवाली खिडकीशी नातीच्या कानात औषध घालत होती. तिनं मान वर केली नाही.

नात सहा वर्षांची, दर महिन्याला कान वाहायचा. "आमच्याकडे नाही बाई कुणाला असलं," हे नळीवालीनं इतक्यांदा ऐकवलं होतं की सुनेच्या आईनं इथं पाऊल टाकणंच सोडलं. मग लॅबमध्ये नवी तपासणी निघाली. थुंकीत रोगाशी लढणारं एक प्रथिन असतं, काहींच्यात ते जन्मतःच कमी बनतं आणि कान सारखे वाहतात. ते कुठल्या जनुकामुळे आणि घरात कुणाकडून आलं, हे शोधायचं होतं. लॅबच्या डॉक्टरीणबाई नळीवालीला म्हणाल्या, तुमच्याच घरापासून सुरुवात करू. नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

त्या सकाळी चौघं उपाशीपोटी नळ्यांत थुंकली. पिशवी घेऊन जिना उतरताना नळीवालीला स्वतःचं लहानपण आठवलं. कानातले कापसाचे बोळे, उशीवरचे पिवळे डाग, आणि लग्न ठरल्यावर आईनं दिलेली ताकीद: सासरी बोलायचं नाही. तिनं जिन्यातच आपली आणि सुनेची चिठ्ठी सोडवली आणि एकीची दुसरीच्या नळीवर लावली. त्याच थुंकीतून कोण कुणाची आई हेही कळतं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. आज डॉक्टरीणबाईंचा फोन आला. नळ्यांची अदलाबदल झालेली दिसते, पुन्हा पाठवा.

"आमच्या माहेरचं काहीच धड नसतं," सून हळूच म्हणाली. "नळी तरी कशी असेल?"

नळीवालीनं बाटलीचं झाकण लावलं. ते लवकर बसेना.

"चिठ्ठ्या मी बदलल्या. मुद्दाम. माझाही कान वाहायचा, लग्न होईपर्यंत."

मुलगा खुर्चीत बसला. सुनेनं टाकलेलं फडकं उचललं आणि टेबल पुसायला घेतलं. ती ओरडली असती तर बरं, असं नळीवालीला वाटलं.

"आजी, तुझा पण?" नातीनं विचारलं. तिला आनंदच झालेला दिसला.

"उद्या लॅबमध्ये हे लिहून देणार आहे," नळीवाली सुनेला म्हणाली. "नोकरी राहिली तर राहिली. आणि रविवारी पोरीला घेऊन तुझ्या आईकडे जाणार आहे. तू नाही आलीस तरी चालेल."