लोखंडाची पंगत

पंगतीची शिस्त पाळल्याशिवाय जगात काहीच टिकत नाही, यावर आमच्या बाटल्या धुणाऱ्या मामांइतकी श्रद्धा मी कुणाची पाहिली नाही. मामा चिंचवडचे, शिक्षण चौथी. पण पुण्याच्या एका कॉलेजात वीस वर्षं काचसामान धुताना दाराआडून त्यांनी सगळं रसायनशास्त्र ऐकलं होतं. पन्नास सालानंतर पिंपरीत कारखाना निघाला, तसे ते आमच्या प्रयोगशाळेत आले. अणूतले इलेक्ट्रॉन त्यांना भावकीतल्या माणसांसारखे ठाऊक! पाच खणांच्या फळीवर प्रत्येक खणात एकेक बीकर आल्याशिवाय कुठेच दुसरा ठेवायचे नाहीत. "जागा हाय तवर दाटी कशाला? इलेक्ट्रॉनबी डीच्या पाच घरांत असंच एकेक करून बसत्यात," म्हणायचे. एकदा मोठ्या साहेबांनी एका खणात दोन कोंबले, तर मामांनी त्यांच्यादेखत एक उचलून शेजारी ठेवला.

मी तिथं साधा मदतनीस, बी.एस्सी.ला दोनदा आपटलो होतो. तिसऱ्यांदा आपटलो असतो तर नोकरी गेली म्हणून समजा. आणि माझी गाडी अडली होती लोखंडावर. चार-एसचे इलेक्ट्रॉन तीन-डीच्या आधी येतात, मग लोखंडातून दोन जाताना तेच आधी का जातात? मागून आलेले का नाही? डबा खाताना मी हे मामांपुढे रडलो.

"आरं येड्या, पंगतीत आधी बसतं कोन? वडीलधारी. मग आधी उठतं कोन? त्येच! ती उठल्याबिगर पोरांनी पानावरनं हलायचं न्हाई."

"आणि क्रोमियममध्ये चार-एसचा एक डीत का जातो?"

"पाच पाट, पोरं चार. रिकामा पाट बरा दिसत न्हाई, म्हनून एक म्हातारा तिकडं सरकतो. मोठेपना म्हनत्यात त्याला."

तोंडी परीक्षेत नेमकं लोखंडच आलं. इलेक्ट्रॉनची मांडणी मी घडाघडा सांगितली. परीक्षक म्हणाले, "दोन काढले तर आधी कुठले जातात, आणि का?" माझ्या तोंडून सगळी पंगत बाहेर पडली! ते चष्मा काढून पोट धरून हसले. "कारण साफ चूक, उत्तर बरोबर," म्हणाले.

पास झालो, त्याच प्रयोगशाळेत केमिस्ट झालो. पहिल्या सकाळी पेढे घेऊन मी धावतच मोरीपाशी गेलो. मामा उठून उभे राहिले. ओले हात धोतराला पुसून त्यांनी दोन्ही हातांत पेढा घेतला.

"मामा, असं काय करता? मी तोच आहे ना?"

"व्हय, पन आता आरं-तुरं बरं दिसंल का, साहेब?"

पुष्कळ विनवलं, चिडलोसुद्धा. मामा नुसते हसत होते, डोळे भरून, अभिमानानं. पास झाल्याचं रडू मला तिथं, त्या मोरीपाशी आलं.